प्रोमोतच संपलेले विनोद: एका नव्या सिटकॉमच्या शुभारंभाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वर्षानुवर्षे कौटुंबिक मालिकांवर उभ्या असलेल्या एका मनोरंजन वाहिनीने आठवड्यातून एकदा प्रसारित होणारी नवी सिटकॉम, म्हणजे त्याच त्या पात्रांभोवती फिरणारी प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका, आणायचे ठरवले, तेव्हा त्या वाहिनीच्या प्रसिद्धी विभागात प्रोमोंचे लेखन आणि संकलन यांची जबाबदारी माझ्याकडे होती. वाहिनी, निर्मितीसंस्था आणि कलाकार ओळखू येऊ नयेत म्हणून मालिकेचे कथास्थळ आणि काही तपशील येथे बदलले आहेत.

मालिका एका मोठ्या रेल्वे स्थानकातल्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात घडत होती. तेथे पाच जण काम करत: नुकताच बदली होऊन आलेला अधिकारी, दोन कारकून, एक पहारेकरी आणि भांडाराची नोंदवही सांभाळणाऱ्या एक ज्येष्ठ बाई. अधिकाऱ्याची भूमिका एका नावाजलेल्या अभिनेत्याकडे होती, बाकीचे चौघे रंगभूमीवर मुरलेले, पण घरोघरी ओळखीचे नसलेले कलाकार होते. संहिता चांगल्या होत्या, आणि हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणते. शुभारंभाच्या आधी आठ भाग चित्रित होऊन हाताशी होते, त्यामुळे प्रोमोसाठी सामग्रीची चणचण नव्हती. पुढे जे घडले त्याचे मूळ एका अर्थी या मुबलकतेतच होते.

सिटकॉमच्या शुभारंभाची अडचण कौटुंबिक मालिकेपेक्षा वेगळी असते, हे आम्हाला तात्त्विक पातळीवर माहीत होते, परंतु आमची कामाची सवय मात्र कौटुंबिक मालिकांची होती. कौटुंबिक मालिका प्रेक्षकाला उत्कंठेने बांधते; आज काय लपवले गेले आणि उद्या ते कोणाला कळणार, या प्रश्नावर ती चालते. सिटकॉमचा प्रत्येक भाग त्याच दिवशी मिटतो. पुढच्या आठवड्यात प्रेक्षक परत येतो तो त्या माणसांची ओढ लागलेली असते म्हणून. कोण कोणत्या गोष्टीवर चिडणार, कोण कशातून अंग काढून घेणार, हे त्याला आधीच ठाऊक असते, आणि ते ठाऊक असण्यातच निम्मा आनंद असतो. म्हणजे पहिल्या दिवशी, जेव्हा ही ओळख मुळीच नसते, तेव्हा सिटकॉम सर्वांत दुबळी असते. आणि प्रसिद्धीचा बहुतेक सगळा पैसा नेमका त्याच दिवसासाठी खर्च केला जातो.

शुभारंभाची आखणी आम्ही अशी केली. मालिकेला वाहिनीच्या सर्वांत लोकप्रिय कौटुंबिक मालिकेच्या लगेच नंतरचा स्लॉट देण्यात आला, जेणेकरून आधीच्या कार्यक्रमाचा प्रेक्षक आयता मिळेल. प्रसारणाच्या सहा आठवडे आधी टीझर सुरू झाला. त्यात अंधाऱ्या फलाटावर एक बेवारस बॅग, तिच्यातून येणारा फोनचा आवाज आणि शेवटी ‘ही कोणाची?’ एवढाच प्रश्न होता. तीन आठवड्यांनी मुख्य प्रोमो आला: चाळीस सेकंद, त्यात सहा विनोद, आणि प्रत्येक विनोदाच्या शेवटी त्या नावाजलेल्या अभिनेत्याचा चेहरा. होर्डिंगवरही तोच चेहरा होता. शुभारंभाच्या आठवड्यात हा प्रोमो जवळजवळ प्रत्येक ब्रेकमध्ये दाखवला जात होता, शिवाय इतर मालिकांच्या वेळी पडद्याच्या खालच्या पट्टीत तारीख आणि वेळ फिरत होती.

अडचण

पहिल्या भागाला प्रेक्षक आला, आणि अपेक्षेपेक्षा जास्त आला. दुसऱ्या सकाळी विभागात समाधानाचे वातावरण होते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र आकडे इतके उतरले, की कार्यक्रम विभागाने स्लॉट बदलण्याचा प्रस्ताव तयार ठेवला.

येथे मोजणीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आमची पहिली चूक आकडा वाचण्यातच झाली. ज्याला ढोबळपणे टीआरपी म्हटले जाते, त्या आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात: किती जणांनी कार्यक्रम लावला आणि लावल्यानंतर ते किती वेळ थांबले. समजा, शंभरांपैकी वीस प्रेक्षकांनी तीस मिनिटांचा कार्यक्रम लावला आणि प्रत्येक जण सरासरी सहा मिनिटे थांबला, तर त्याची सरासरी 4 येते. शंभरांपैकी केवळ दहा जणांनी लावला, पण प्रत्येक जण पंधरा मिनिटे थांबला, तर सरासरी 5 येते. निम्मे प्रेक्षक असूनही दुसरा कार्यक्रम पुढे राहतो. प्रसिद्धीचे काम मुख्यतः पहिल्या गोष्टीवर, म्हणजे पोहोचीवर, चालते. थांबण्याचा वेळ मालिका स्वतः मिळवते. निदान मी तोवर तसेच मानत होते.

आमच्या मालिकेची पोहोच पहिल्या आठवड्यात उत्तम होती आणि थांबण्याचा वेळ पहिल्या दिवसापासूनच कमी होता. एकत्रित आकडा चांगला दिसल्यामुळे ही दुसरी बाब कोणी वेगळी काढून पाहिली नाही. तिसऱ्या आठवड्यात जेव्हा पोहोचही घटली, तेव्हा कुठे मिनिटागणिक आलेख मागवला गेला. त्यात दोन ठळक उतार होते. पहिला उतार तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला होता. आधीच्या कौटुंबिक मालिकेचा प्रेक्षक तिच्या शेवटच्या प्रसंगाच्या भावनेत असतानाच आमची मालिका सुरू होई, आणि ती सुरू होई नव्या अधिकाऱ्याला कार्यालयाची सविस्तर ओळख करून देण्याने. दुसरा उतार पहिल्या ब्रेकचा होता, आणि त्या ब्रेकनंतर परतणाऱ्यांचे प्रमाण वाहिनीच्या इतर कोणत्याही मालिकेपेक्षा कमी होते.

आलेखावरून माणूस कधी उठला ते कळते, का उठला ते कळत नाही. म्हणून आम्ही तीन छोट्या गटांना पहिले दोन भाग एकत्र बसवून दाखवले आणि आम्ही स्वतः मागे बसलो. त्या दोन संध्याकाळींतून मला जे कळले ते कोणत्याही अहवालात आले नसते. मुख्य प्रोमोतले सहाही विनोद याच दोन भागांतून उचललेले होते. त्यातला एखादा प्रसंग पडद्यावर जवळ येऊ लागला, की लोकांचे चेहरे ओळखीने सैल पडत, काही जण शेजाऱ्याकडे पाहून ‘आता तो म्हणणार’ असे सांगत, आणि प्रत्यक्ष वाक्य आले की कोणी हसत नसे. विनोदाला आधी बांधणी लागते आणि मग कलाटणी. चाळीस सेकंदांत सहा विनोद बसवताना आम्ही बांधणी कापून फक्त कलाटण्या ठेवल्या होत्या. त्यामुळे प्रोमोत ते विनोद उथळ वाटले, आणि भागात त्यांची पूर्ण बांधणी समोर आली तेव्हा कलाटणी आधीच माहीत झालेली होती. म्हणजे एकाच विनोदाचे आम्ही दोन्ही ठिकाणी नुकसान केले होते. लेखकांनी महिनोन्‌महिने घासूनपुसून आणलेले ते प्रसंग होते. त्या खोलीत बसून ते शांततेत विरताना पाहणे मला जड गेले.

त्याच खोलीत आणखी दोन गोष्टी दिसल्या. टीझर आठवणाऱ्यांपैकी अनेकांनी ही रहस्यमालिका असेल असे धरले होते. त्यांतले काही रहस्याच्या अपेक्षेने आले आणि निघून गेले. काहींना रहस्य नको होते म्हणून ते आलेच नाहीत. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती. भांडारातल्या ज्येष्ठ बाई पडद्यावर आल्या की तिन्ही गट पुढे सरकून बसत. स्वतःचीच छत्री न्यायला आलेल्या माणसाला त्या छत्रीला किती काड्या आहेत ते विचारतात, असा दीड मिनिटाचा प्रसंग होता. त्यात प्रोमोत घेण्यासारखे एकही वाक्य नव्हते, म्हणून आम्ही तो वगळला होता. खोलीत सर्वांत मोठे हसू त्यालाच मिळाले, आणि भाग संपल्यावर लोकांनी चौकशी केली ती त्या बाईंची.

विचारात घेतलेले पर्याय

चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला कार्यक्रम विभाग, निर्मितीसंस्था आणि आम्ही अशी बैठक झाली. समोर चार पर्याय होते आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या बाजूने कोणीतरी मनापासून बोलत होते.

पहिला पर्याय स्लॉट बदलण्याचा होता. कौटुंबिक मालिकेनंतर विनोद रुजत नाही, म्हणून सिटकॉमला आठवड्याच्या शेवटी दुसऱ्या एका हलक्याफुलक्या कार्यक्रमाशेजारी ठेवावे, असे सुचवण्यात आले. यातला युक्तिवाद खोटा नव्हता. आधीच्या कार्यक्रमाचा प्रेक्षक मोठा असला तरी त्याची मनःस्थिती आपल्याला उपयोगी असतेच असे नाही. परंतु जे थोडे प्रेक्षक पूर्ण भाग पाहत होते त्यांना ती वेळ नुकती सवयीची होऊ लागली होती, आणि चौथ्या आठवड्यात वेळ बदलली असती तर सर्वांत आधी हातचे गेले असते ते तेच. नव्या वेळेची पुन्हा प्रसिद्धी करायला पैसा उरला नव्हता हेही खरे.

दुसरा पर्याय त्याच प्रोमोचा मारा वाढवण्याचा होता. मी त्याला स्पष्ट विरोध केला. वाहिनी स्वतःचे प्रोमो मुख्यतः स्वतःच्याच पडद्यावर दाखवते, म्हणजे ते तोच तो नेहमीचा प्रेक्षक पुन्हा पुन्हा पाहत असतो. एखादी माहिती वारंवार ऐकली तर ती पक्की होते, पण विनोद वारंवार ऐकला तर त्याचा कंटाळा येतो, आणि तो कंटाळा मालिकेच्या नावाशी जोडला जातो.

तिसरा पर्याय काहीच न बदलता थांबण्याचा होता. या बाजूने अमेरिकेतली उदाहरणे मांडली गेली. ‘चीअर्स’ 30 सप्टेंबर 1982 रोजी सुरू झाली तेव्हा तिचे आकडे जवळजवळ तळाशी होते, पुढे ती 1993 पर्यंत अकरा हंगाम चालली. ‘साइनफेल्ड’चा पहिला भाग 5 जुलै 1989 रोजी दाखवला गेला, त्याला चाचणी-प्रेक्षकांनी दुबळा ठरवले होते, आणि त्यानंतर सुरुवातीला जेमतेम चार भागांची मागणी आली होती. ही उदाहरणे खरी आहेत आणि सिटकॉमची घडी बसायला वेळ लागतो हेच ती सांगतात. परंतु ज्या मालिकांना वेळ देऊनही काही झाले नाही, त्यांची नावे अशा बैठकीत कोणी काढत नाही. शिवाय 1982 मध्ये ‘चीअर्स’ दाखवणारी एनबीसी ही तीन मोठ्या वाहिन्यांत स्वतःच तिसऱ्या क्रमांकावर होती. त्या जागी ठेवायला तिच्याकडे त्याहून बरे असे फारसे काही नव्हते. आमच्या वाहिनीकडे पर्याय तयार होता, त्यामुळे तितक्या सबुरीची अपेक्षा धरणे आम्हाला परवडणारे नव्हते.

चौथा पर्याय मी आणि मालिकेच्या मुख्य लेखकांनी मिळून मांडला. स्लॉट तोच ठेवावा, विनोद विकणारा प्रोमो बंद करावा, माणसांची ओळख करून देणारे छोटे प्रोमो वेगळे चित्रित करावेत, आणि भागांचा क्रम बदलावा. यातला शेवटचा मुद्दा निर्मात्यांना सर्वांत कठीण वाटला. पहिले चार भाग अधिकाऱ्याच्या बदलीची गोष्ट क्रमाने सांगत होते, तर सातव्या भागात कार्यालयाचा एक साधा दिवस होता: कोणी नवीन येत नाही, कशाचीही ओळख करून दिली जात नाही, पाच जण एका बेवारस सनईवरून दिवसभर वाद घालतात. मालिका पुढे दर आठवड्याला जशी असणार होती तशी ती खऱ्या अर्थाने या भागात दिसत होती. पण तो आधी दाखवला तर दोन कारकुनांमधला एक अबोला का सुरू झाला ते प्रेक्षकाला कळणार नव्हते. त्यावर लेखकांनीच उपाय काढला: त्या अबोल्याचे कारण सांगणारे एक वाक्य पहारेकऱ्याच्या तोंडी नव्याने ध्वनिमुद्रित करून घातले.

काय केले

बैठकीत चौथा पर्याय मान्य झाला, मात्र त्याला मुदत देण्यात आली: चार आठवडे. त्यानंतर आकडे हलले नाहीत तर स्लॉट बदलणार, असे ठरले. ही मुदत मला तेव्हा जाचक वाटली होती. आता वाटते की तिच्यामुळेच आम्ही प्रत्येक गोष्ट त्या आठवड्यातच पार पाडली.

एका दिवसाच्या चित्रीकरणात, त्याच सेटवर, आम्ही वीस-वीस सेकंदांचे आठ प्रोमो केले. त्यांतला एकही प्रसंग कोणत्याही भागात नव्हता. प्रत्येकात एकच माणूस आणि एकच छोटी परिस्थिती होती. बाई काउंटरवर आहेत, समोरचा माणूस आपले हरवलेले पाकीट ओळखतो, बाई त्याला विचारतात की आत किती पैसे होते, तो सांगतो, आणि बाई शांतपणे पाकीट परत कपाटात ठेवतात. इतकेच. वाक्यफेक नाही, पार्श्वसंगीताचा ठोका नाही. पुढे काय झाले असेल ते बघणाऱ्याने मनात पूर्ण करायचे. संकलनात मला सर्वांत जास्त वेळ लागला तो ती शांतता किती सेकंद ठेवायची हे ठरवायला. प्रसारण विभागाचा आग्रह होता की रिकामा गेलेला सेकंद म्हणजे वाया गेलेला सेकंद; आम्ही तो तसाच ठेवला.

भरीव बदल आणखी तीन होते. सातवा भाग पाचव्या आठवड्यात आला. कौटुंबिक मालिका संपताच मध्ये ब्रेक न घेता आमचा भाग थेट एका छोट्या प्रसंगाने सुरू करायचा आणि शीर्षकगीत त्यानंतर घ्यायचे, असे ठरले. यासाठी कार्यक्रम विभागाला जाहिरातींची मांडणी बदलावी लागली आणि त्यांनी ती तक्रार न करता बदलली. तिसरे, आधीच्या भागांचे पुनर्प्रक्षेपण सुट्टीच्या दिवशी दुपारी सुरू झाले. पुनर्प्रक्षेपणाकडे वाहिन्या बहुधा रिकामी जागा भरण्याचे साधन म्हणून पाहतात. सिटकॉमच्या बाबतीत ते ओळख वाढवण्याचे साधन असते, आणि याला जुना दाखला आहे: सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर 12 जानेवारी 1971 रोजी सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ला सुरुवातीला थंड प्रतिसाद होता, आणि तिचा प्रेक्षक खऱ्या अर्थाने वाढला तो त्या वर्षीच्या उन्हाळ्यातल्या पुनर्प्रक्षेपणांत.

होर्डिंगवरचा चेहरा बदलण्याचा प्रश्न नाजूक होता. नावाजलेल्या अभिनेत्याच्या करारात प्रसिद्धीतल्या स्थानाविषयी अट होती, आणि कराराची बाब बाजूला ठेवली तरी त्यांच्या नावावर पहिल्या दिवसाचा प्रेक्षक आला होता हे नाकारता येत नव्हते. आम्ही त्यांना भेटून गटांच्या बैठकीचे चित्रण दाखवले. ते थोडे दुखावले गेले, पण बाईंच्या प्रोमोत समोरचा गोंधळलेला माणूस म्हणून पाठमोरे उभे राहायला तेच तयार झाले. माझ्या मते तो मालिकेचा सर्वोत्तम प्रोमो होता.

परिणाम

पाचव्या आठवड्यात पोहोच फारशी वाढली नाही, पण थांबण्याचा वेळ वाढला. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाचा उतार जवळजवळ नाहीसा झाला. पहिल्या ब्रेकचा उतार कमी झाला, पण उरलाच. सातव्या आठवड्यापासून पोहोचही हळूहळू चढू लागली, आणि आठव्या आठवड्यात स्लॉट बदलण्याचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. पाकिटाचा आणि छत्रीचा प्रसंग फोनवर एकमेकांना पाठवला जाऊ लागला. ज्यांनी ही वाहिनी कधी लावली नव्हती असे लोक त्यातून आले, आणि वाहिनीच्या स्वतःच्या पडद्यावरील प्रोमोंना ते कधीच साधले नसते.

मालिका पहिल्या क्रमांकाची झाली नाही. ती मधल्या फळीत स्थिरावली, पहिला हंगाम पूर्ण झाला आणि दुसऱ्या हंगामाला मान्यता मिळाली, पण कमी भागांची. शुभारंभाच्या पहिल्या दोन आठवड्यांत आले आणि परत गेले ते प्रेक्षक मोठ्या संख्येने पुन्हा आलेच नाहीत. नव्या मालिकेला ‘पाहिली, नाही आवडली’ असे एकदा घरात ठरले, की तो निर्णय सहसा फिरत नाही. तो प्रेक्षक आमच्या चुकीमुळे गेला, मालिकेच्या उणिवेमुळे नाही, आणि लेखकांना व कलाकारांना त्याची किंमत कमी झालेल्या भागांच्या रूपाने मोजावी लागली.

वेगळे काय करता आले असते

टीझरमध्ये बॅग ठेवायला हरकत नव्हती. पण ही विनोदी मालिका आहे हे पहिल्याच पाच सेकंदांत कळायला हवे होते. कुतूहल जागवताना प्रकार लपवला, तर नको तो प्रेक्षक येतो आणि हवा तो येत नाही.

गटांना भाग दाखवण्याचे काम शुभारंभाच्या आधी करायला हवे होते, आणि त्यांना प्रोमो आधी दाखवून मग भाग दाखवायला हवा होता. आम्ही प्रसारणापूर्वी चाचणी घेतली नव्हती असे नाही. पण त्यात भाग वेगळा तपासला गेला आणि प्रोमो वेगळा, आणि दोन्ही उत्तम ठरले. घरातला प्रेक्षक मात्र दोन्ही त्याच क्रमाने पाहतो, आणि बिघाड त्या क्रमातच होता.

सर्वांत मोठा प्रश्न स्लॉटचा आहे, आणि त्याविषयी माझे मत अजूनही पक्के झालेले नाही. चौथ्या आठवड्यात वेळ न बदलण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण मुळात ती वेळ निवडणे बरोबर होते का? पहिल्या ब्रेकचा उरलेला उतार असे सुचवतो, की कौटुंबिक मालिकेच्या प्रेक्षकांपैकी एका भागाला हसायचेच नव्हते. ते केवळ दूरचित्रवाणी बंद करायला उठले नव्हते म्हणून आमच्याकडे दिसत होते. लहान पण हसण्यासाठी आलेला प्रेक्षक देणाऱ्या वेळेत मालिका सुरू झाली असती, तर पहिला आकडा फिका दिसला असता, आणि तो फिका आकडा सहन करण्याइतका विश्वास वाहिनीने दाखवला असता की नाही हे मी सांगू शकत नाही.

दुसऱ्या हंगामाच्या वेळी प्रसिद्धी विभागाला पहिल्या संहिता-वाचनापासून बसू द्यावे, अशी मी विनंती केली आणि ती मान्य झाली. वाचनाच्या वेळी मुख्य लेखक संहितेच्या समासात काही प्रसंगांपुढे लाल खूण करून ठेवत. त्या खुणेचा अर्थ एवढाच होता, की हा प्रसंग भाग प्रसारित होईपर्यंत कोणत्याही प्रोमोत, क्लिपमध्ये किंवा मुलाखतीत वापरायचा नाही. त्या हंगामाचे सगळे प्रोमो आम्ही खूण नसलेल्या पानांवरून आणि स्वतंत्र चित्रीकरणातून केले.